फ्रान्समधल्या बोलीकवितांची सचित्र, मोजक्या प्रतींची पुस्तकं : कुणी जमवतंय का?

जुनी वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच.

मी मूळची जळगावकडची. गेली अकरा वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये, नीमला राहते. इथे रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पहिल्याच वर्षी तिथे चिनी मातीच्या बशांखाली दबलेलं एक पुस्तक हाती लागलं. उजवीकडचं पान फ्रेंच, ते मला अडखळत का होईना वाचता येत होतं. डावीकडचं काही केल्या लागेना. आधी वाटलं इटालियन असेल. विकणारे आजोबा सत्तरीचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि डावीकडच्या ओळी मोठ्याने म्हणायला लागले. त्यांचा आवाजच बदलला. आणि पहिल्याच ओळीत मला 'च' ऐकू आला. मुलगी या अर्थी 'चातो'. माझ्या फ्रेंचच्या बाईंनी तर बजावलं होतं की फ्रेंचमध्ये आपला 'च' नाही, तिथे सगळा 'श'!

ती फ्रेंच नव्हतीच. ती प्रोव्हान्साल होती, इथल्या प्रोव्हान्स प्रांताची जुनी बोली, आणि पुस्तक होतं फ्रेदेरिक मिस्त्रालचं 'मिरेयो'.

माझी आजी घरात लेवा बोली बोलायची आणि पुण्याचे पाहुणे आले की गप्प व्हायची. तिचा तो आवाज मला त्या बाजारात आठवला. तेव्हापासून जमवते आहे. आज सव्वीस पुस्तकं आहेत. श्रीमंती संग्रह नाही, पण प्रत्येक पुस्तक वाचलेलं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. 'मिरेयो' १८५९ मध्ये आव्हिन्योंला रुमानीयने प्रकाशित केलं. रुमानीय स्वतः कवी, मिस्त्रालचा गुरू आणि पुस्तकविक्रेता. काव्य बारा सर्गांचं. श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी मिरेयो आणि टोपल्या विणणारा गरीब व्हँसँ यांचं प्रेम. बाप नाही म्हणतो. ती घरातून पळते, क्रोचं दगडगोट्यांचं माळरान भर उन्हात तुडवत समुद्रकाठच्या सँत-मारीच्या देवळाकडे निघते, ऊन लागतं आणि तिथेच प्राण सोडते. समोरासमोरचं फ्रेंच भाषांतर मिस्त्रालने स्वतःच केलेलं. त्याच वर्षी नामवंत फ्रेंच कवी लामार्तिनने त्यावर भरभरून लिहिलं आणि मायान नावाच्या खेड्यातला हा कवी पॅरिसला ठाऊक झाला. १८६४ मध्ये संगीतकार गूनोने त्यावर ऑपेरा रचला. १९०४ चं साहित्याचं नोबेल मिस्त्रालला मिळालं, स्पेनच्या एचेगाराय यांच्यासोबत विभागून. त्या पैशातून त्याने आर्लमधल्या आपल्या संग्रहालयाला मोठी वास्तू मिळवून दिली. तिथे त्याने प्रोव्हान्समधली माणसं वापरायची ती भांडी, कपडे, अवजारं गोळा केली होती. ते म्युझेओन आर्लातेन आजही आहे. गेलात तर अर्धा दिवस तरी ठेवा.

आता मुख्य विषय. या काव्याची संग्राहकांना हवीहवीशी आवृत्ती म्हणजे आशेत या प्रकाशकाची १८८४ ची. मोठ्या आकाराचं पुस्तक, यजेन ब्युर्नां या स्विस चित्रकाराने स्वतः काढलेली आणि स्वतःच कोरलेली २५ आम्लरेखनं (एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) आणि शिवाय ५३ रेखाचित्रं. क्रोच्या माळावरचं ऊन त्याने असं काही काढलंय की पान उलटताना डोळे बारीक होतात. माझी प्रत साध्या कागदावरची. काही मोजक्या प्रती जपानी कागदावर छापल्या होत्या. त्यातली एक मी आव्हिन्योंच्या एका दुकानात काचेआड पाहिली. दुकानदाराने हात धुवून यायला सांगितलं आणि दहा मिनिटं हातात दिली.

इथे कुणाला हा नाद आहे का? नसेल तरी विचारा, मला बोलायचंच आहे.

अमलताश

वहीताई, काय सुंदर धागा! आजीचं वाचून पोटात तुटलं.

दोन प्रश्न. प्रोव्हान्सालला बोली म्हणायचं की भाषा? आणि माझं फ्रेंच जेमतेम दोन पातळ्यांचं आहे. ही पुस्तकं मी वाचू शकेन का, की नुसती चित्रं बघायची?

जुनी वही

अमलताश, पहिल्या प्रश्नावर इथे घराघरांत भांडणं होतात. भाषाशास्त्रात ती ऑक्सितानची एक शाखा. ऑक्सितान ही स्वतंत्र भाषा, बाराव्या शतकातल्या त्रुबादूर कवींची. पण पॅरिसने या सगळ्यांना एकच शब्द लावला, 'पात्वा'. गावंढळ बोली, असा त्याचा वास. राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्र्याने संसदेपुढे जो अहवाल ठेवला त्याच्या शीर्षकातच 'पात्वा नष्ट करण्याची गरज आणि साधनं' असे शब्द आहेत. किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येत नाही आणि ते शुद्ध बोलणारे फार तर ३० लाख, हा त्याचाच हिशेब. पुढे शाळांमधून, घरची बोली बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात किंवा हातात एक खूण द्यायचे. त्याने ती दुसरं पोर पकडून त्याच्याकडे सरकवायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे खूण त्याला शिक्षा. या भाषा शाळेत शिकवायला कायद्याने परवानगी मिळाली ती थेट १९५१ मध्ये.

म्हणून १८५४ साली २१ मे रोजी फाँ-सेग्युन्यच्या वाड्यात सात तरुण कवी जमले आणि त्यांनी 'फेलिब्रिज' ही चळवळ सुरू केली, ते धाडसाचंच होतं. मिस्त्राल, रुमानीय आणि तेओदोर ओबानेल त्यातलेच.

दुसरा प्रश्न. जरूर वाचू शकाल. समोर फ्रेंच असतं. मी आधी उजवं पान वाचते, मग डावं मोठ्याने. मिस्त्रालचं स्पेलिंग बरंचसं उच्चाराप्रमाणे आहे, त्यामुळे आपल्याला ते फ्रेंचपेक्षा सोपं जातं. अडलं तर त्याचाच दोन खंडी शब्दकोश, 'लू त्रेसोर दोऊ फेलिब्रिज', फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर फुकट आहे. एकट्या माणसाने कित्येक वर्षं राबून केलेला. एक शब्द शोधायला जावं आणि तास उलटावा, असा.

शाईचा डाग

मी छापचित्रण शिकले आणि शिकवते, म्हणून चित्रांबद्दल लिहिते. जुन्या सचित्र पुस्तकात पैसे घालण्याआधी चित्र कसं छापलंय ते ओळखता आलंच पाहिजे. विकणारे सर्रास सगळ्याला 'मूळ छापचित्र' म्हणतात.

आम्लरेखन तांब्याच्या पत्र्यावर होतं. पत्रा ओल्या कागदावर प्रचंड दाबाने दाबला जातो. त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटतो. कागद तिरपा धरा, उजेड बाजूने येऊ द्या, खळगा दिसेल. रेषेवरून बोट अगदी हलकं फिरवलं तर शाई किंचित वर आलेली जाणवते. (दुकानात हे विचारूनच करा.)

लाकूडठशाचं नेमकं उलटं. तिथे उंच राहिलेला भाग छापतो, म्हणून पानाच्या मागच्या बाजूला रेषा उठलेल्या दिसतात. शिळाछाप (दगडावरून छापलेलं चित्र) सपाट असतो, मागे पुढे काहीच नाही, पण भिंगाखाली खडूचा दाणा दिसतो. भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर समजा की फोटोवरून केलेली यांत्रिक छपाई आहे. ती वाईट असं नाही, फक्त तिची किंमत वेगळी.

ताईंनी सांगितलेल्या १८८४ च्या पुस्तकातली ५३ रेखाचित्रं बहुधा जिलो पद्धतीची असावीत. त्यात चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने बाकीचा भाग खोल करतात. मग तो ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येतो. आम्लरेखनासाठी मात्र वेगळा कागद, वेगळं यंत्र. म्हणूनच अशा पुस्तकांत मोठी चित्रं सुट्या पानांवर असतात आणि छोटी मजकुरात मिसळलेली.

१९२० नंतरच्या फ्रेंच पुस्तकांत आणखी एक गोष्ट सापडते, 'पोश्वार'. रंग पातळ पत्र्याच्या कापलेल्या साच्यातून हाताने, ब्रशने भरलेला. कडा धारदार, आणि नीट पाहिलं तर ब्रशचे ओरखडे. दर रंगाला वेगळा साचा. कधी एका पानाला वीस-वीस साचे लागत. त्या रंगाचा ताजेपणा इतक्या वर्षांनीही उतरत नाही, मी प्रत्यक्ष पाहिलाय.

जुनी वही

शाईचा डाग, तुमचा अंदाज बरोबर. शीर्षकपानावरच जिलोचं नाव आहे! आत्ता माझी प्रत काढून खिडकीत तिरपी धरली. खळगा दिसला! इतकी वर्षं घरात आहे आणि मी कधी पाहिलाच नव्हता. अनेक आभार.

मेपलचं पान

माँट्रियलहून. ताई, तुमच्या व्याख्येत हे बसेल का बघा. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'फ्रेंच बोलीकविता' म्हणून हमखास दाखवतात ते विल्यम हेन्री ड्रमंडचं 'द हॅबिटंट', न्यूयॉर्कला पटनमने १८९७ मध्ये काढलेलं, फ्रेडरिक सिम्पसन कोबर्नच्या चित्रांसह. ड्रमंड आयर्लंडमध्ये जन्मलेला, इथे डॉक्टर. कविता इंग्रजीत आहेत, पण फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलेल तशा. प्रस्तावना मात्र लुई फ्रेशेत या मोठ्या क्यूबेकी कवीची, आणि ती फ्रेंचमध्ये.

माझ्या शेजारच्या फ्रेंचभाषक आजींना मी दाखवलं. त्या म्हणाल्या, चित्रं आमची आहेत, जीभ आमची नाही. तेव्हापासून मी द्विधा आहे. कोबर्नच्या चित्रांतले बर्फातले ते शेतकरी फार मायेने काढलेत, टाकवत नाही.

जुनी वही

मेपल, आजींचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. माझ्या मते ही बोलीकविता नव्हे, बोलणाऱ्याच्या परक्या भाषेतल्या उच्चाराची नोंद आहे. ड्रमंडच्या मनात तुच्छता नव्हती, नाहीतर फ्रेशेतने प्रस्तावना दिली नसती. पण त्या शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत बोलताना ऐकायचं तर ते पुस्तक वेगळंच लागेल. तुम्ही जपून ठेवा, फक्त कप्पा वेगळा करा.

उंबरठा

मी जरा विरोधी सूर लावतो, रागावू नका.

मीही दोन वर्षं पॅरिसला होतो. तिथे जेआं रिक्त्युसचं 'गरिबाची स्वगतं' वाचलं. पॅरिसमधल्या माँमार्त्र वस्तीच्या कॅबरेत १८९६ च्या आसपास तो हे म्हणायचा. रस्त्यावर झोपणाऱ्या उपाशी माणसाच्या पॅरिसी बोलीत, शब्दांचे शेपूट खाऊन, जागोजाग लोपचिन्हं (गाळलेल्या अक्षरांच्या जागी अपॉस्ट्रॉफी). त्यातल्या एका कवितेत येशू परत येतो आणि हिवाळ्याच्या रात्री या भणंगाला भेटतो. ती वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो.

मग कळलं की अशा कवितांच्या उंची कागदावरच्या, क्रमांक घातलेल्या प्रती निघत, आणि त्या घ्यायचे ते बँकवाले, वकील. भुकेची कविता चामड्याच्या बांधणीत, सोनेरी कडांची. ज्याची बोली त्याच्या खिशाला परवडणार नाही असं पुस्तक आपण का मिरवायचं? मला हे खरंच बोचतं.

जुनी वही

उंबरठा, रागावू कशाला. हा प्रश्न मलाही पडतो.

आधी रिक्त्युसबद्दल. १९०३ ची सेव्हँ-ए-रे या प्रकाशकांची आवृत्ती स्टाइनलेनच्या चित्रांची आहे. काळ्या मांजराचं ते प्रसिद्ध पोस्टर केलेला स्टाइनलेन. तोही माँमार्त्रमध्येच राहायचा, रस्त्यावरची माणसं रोज काढायचा. कॅबरे गायक अरिस्तिद ब्रुआंच्या रस्त्यावरच्या गाण्यांनाही त्याचीच चित्रं आहेत. त्या चित्रांनी कवितेवर मखमल घातलेली नाही. कोळशाने काढल्यासारखी आहेत. माझ्याकडे साधी, कागदी वेष्टणाची प्रत आहे आणि ती मी कधीही बांधून घेणार नाही.

पण तुमचं म्हणणं मला पुढे न्यायचंय. याच फेलिब्रिजवाल्यांनी १८५५ पासून 'आर्माना प्रुव्हेंसाउ' नावाचं स्वस्त पंचांग काढलं. त्यात कविता, गोष्टी, म्हणी. पहिल्या वर्षी पाचशे प्रती, पुढे दहा हजारांपर्यंत गेल्या, असं मिस्त्रालनेच आठवणींत लिहिलंय. शेतकऱ्याच्या घरात चुलीजवळ खिळ्याला अडकवलेलं असायचं ते. म्हणजे गंमत बघा, मुळात मोजक्याच छापलेल्या जपानी कागदावरच्या प्रती कपाटात टिकल्या, आणि हजारोंनी छापलेली पंचांगं वापरून वापरून फाटली. माझ्याकडे चार वर्षांची आहेत. एकावर तेलाच्या बोटांचे ठसे आहेत. तो अंक मला ब्युर्नांच्या पुस्तकाइतकाच मोलाचा आहे आणि दोन्ही शेजारी ठेवलेत.

उत्तरेत दनँच्या खाणीत ज्यूल मुसरों होता. बाराव्या वर्षी खाणीत उतरला, १९२६ पर्यंत खाणीतच काम केलं, आणि 'रुशी' या तिथल्या पिकार बोलीत लिहिलं. पहिला संग्रह १८९७ चा, 'खालची फुलं'. खाली म्हणजे जमिनीखाली. बोसच्या सपाट गव्हाळ मुलखातल्या गास्ताँ कूतेचंही तसंच. गिरणीवाल्याचा मुलगा, पॅरिसला आला, गावच्या बोलीत कविता म्हणत फिरला आणि १९११ मध्ये तिशीतच गेला. यांची पुस्तकं मी कधी उंची कागदावर शोधतच नाही. मळलेली, नाव घातलेली प्रत मिळाली तर आनंद.

उंबरठा

तेलाच्या बोटांच्या ठशांवर माझं समाधान झालं. पंचांग शेजारी ठेवलंत हे आवडलं.

अमलताश

ताई, 'मोजक्या प्रती' हे नक्की कसं ओळखायचं? ऑनलाइन विकणारे सगळेच तसं लिहितात.

जुनी वही

पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी एक पान असतं. फ्रेंचमध्ये 'जुस्तिफिकासियाँ द्यु तिराज'. एकूण किती प्रती, कुठल्या कागदावर किती, क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, हे त्यावर छापलेलं असतं. समजा, १ ते १० जपानी कागद, ११ ते ५० हॉलंडचा, ५१ ते ५५० आर्शचा वेलँ (गुळगुळीत कागद). मग तुमच्या प्रतीचा क्रमांक हाताने किंवा ठशाने घातलेला असतो. क्रमांक आणि कागद जुळतो का ते बघायचं. आर्श, रीव्ह या कागदांत जलचिन्ह असतं, पान उजेडाकडे धरलं की दिसतं. रोमन आकडे किंवा 'ऑर कॉमर्स' असेल तर ती विक्रीबाहेरची, चित्रकार-छापखान्याच्या लोकांना दिलेली प्रत.

हे सगळं मी ठेच लागून शिकले. एका विक्रेत्याकडून टपालाने एक पुस्तक मागवलं, सुट्या फॉर्मांचं (घडी घातलेल्या, न शिवलेल्या पानांच्या जुड्यांचं), पेटीतलं. ही पेटीतली पुस्तकं मुद्दाम न शिवता देतात, घेणाऱ्याने हवी तशी बांधून घ्यावीत म्हणून. क्रमांकाच्या पानावर लिहिलं होतं की या गटातल्या प्रतींना चित्रांचा जादा संच जोडलाय, काळ्या शाईत छापलेला. पेटी उघडली तर संच नाहीच. कुणीतरी तो काढून, चित्रं चौकटीत घालून सुटी विकली असणार. विक्रेता म्हणाला, जाहिरातीत संचाचा उल्लेख मी केला नव्हता. खरंच केला नव्हता. मी त्या रात्री रडले, पैशासाठी नाही, कुणीतरी पुस्तक असं सोलून काढलं म्हणून. तेव्हापासून पैसे देण्याआधी त्या पानाचा फोटो मागते आणि चित्रं एकेक मोजून मागते.

आणि आकड्याला भुलू नका. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सचित्र पुस्तकांची लाट आली होती, हजारावर प्रती काढूनही क्रमांक घातले जात. १९२९ नंतर त्यांचे भाव कोसळले. उलट ओबानेलचं 'आव्हिन्योंच्या मुली' बघा. १८८५ चं, प्रेमाच्या आणि देहाच्या कवितांचं. ओबानेल घराणं पोपचे अधिकृत मुद्रक. चर्चकडून इतका दबाव आला की त्याने पुस्तक मागे घेतलं. पुढच्याच वर्षी तो गेला. अशी प्रत दुर्मीळ असते ती कुणाच्या तरी दुःखामुळे.

भरतीओहोटी

रत्नागिरीहून विचारतोय. बहिणीने लिआँहून अशीच दोन पुस्तकं पाठवलीत. जूनपासून पानांवर तांबूस ठिपके दिसायला लागलेत. कडुनिंबाचा पाला घालू का?

शाईचा डाग

पानांत पाला अजिबात नको, डाग पडतील. ठिपके पुसायलाही जाऊ नका. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. कोकणात पावसाळ्यात ती नव्वदीला जाते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या वेळोवेळी तापवून कोरड्या करा. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत कोंडते. भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. उघडीप मिळाली की पानं सावलीत उघडून वारा द्या, उन्हात नाही. जुनं पारदर्शक चुरचुरीत वेष्टण पिवळं पडलं असेल तर काढून आम्लमुक्त कागद घाला.

भरतीओहोटी

मनापासून धन्यवाद. आजच कपाट ओढतो. पुस्तकं कुठली ते बघून सांगतो, मला वाचता येत नाहीत. एकावर डावीकडे एक लिपी, म्हणजे भाषा, आणि उजवीकडे दुसरी आहे.

जुनी वही

भरतीओहोटी!! डाव्या पानाचा फोटो टाका. लगेच टाका.

अमलताश

मी पण वाट बघतेय. दरम्यान काल रात्री गालिकावर 'मिरेयो' उघडलं, उजवं पान वाचलं, मग डावं मोठ्याने म्हटलं. आई स्वयंपाकघरातून विचारत आली, कुठलं गाणं आहे ग हे. तिला 'चातो'चा अर्थ सांगितला.